ग्वाल्हेरचा निरोप

कसबे पुणे, कासार आळी
शके १६८३, भाद्रपद शुद्ध द्वितीया

चिरंजीव चिमणाबाई हिस आत्याचा आशीर्वाद.

पहिल्या कागदावर सवयीनं हात 'सौभाग्यवती' लिहून गेला. तो कागद चुलीत घातला. हा दुसरा.

तू गेल्याला महिना होत आला. खडकवासल्याला सुखरूप पोचलीस हे गवळ्याकडून कळलं, जीव भांड्यात पडला. तुला अक्षर येत नाही, तेव्हा हे पत्र दादाच वाचून दाखवणार. दादा, वडिलांनी आपल्या दोघा भावंडांना एकाच धूळपाटीवर मोडी गिरवायला लावली, म्हणून आज मला कुणा कारकुनाचे पाय धरावे लागत नाहीत. लेक तुझी खरी, पण आठ वर्षं ती माझ्या घरची सून आहे. धाकट्या बहिणीवर राग धरू नकोस. वहिनीच्या हातच्या कुळथाच्या पिठल्याची फार आठवण येते, तिला सांग.

चिमणे, झालं ते फार वाईट झालं. सिदू तुझा नवरा, तसा माझ्या पोटचा एकुलता एक मुलगा. मलाही खात्रीचं असं श्रावणातच कळलं. त्याआधी नुसत्या बाजारगप्पा. पानिपताकडून रोज एक माणूस येत होता आणि रोज निराळं सांगत होता, हे तूही ऐकलंस. खात्री झाल्याशिवाय सुनेच्या हातातल्या बांगड्या कशा उतरवायच्या? वेळ पाहून, धीरानं सांगणारच होते. तेवढ्यात त्या गेनबानं भर हौदावर तोंड उघडलं.

आता कामाचं लिहिते. गौरी तोंडावर आल्या आहेत. मग नवरात्र, दसरा, दिवाळी. वाड्यांतून बांगड्या भरण्यासाठी रोज विचारणा होते. शनिवार पेठेतल्या आप्पासाहेबांच्या वाड्यावर मी सांगितलं आहे की तुला ताप आला म्हणून माहेरी धाडलं. मी पडले विधवा. सवाष्णीचा हात धरून बांगडी भरणं मला चालत नाही. मी टोपली घेऊन बाजूला बसायचं आणि बोलायचं. भरायला हात तुझेच हवेत. तसे हात पुण्यात नाहीत, हे मी तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही, आज बोलते.

तुझ्यावर काय बेतलं हे वाड्यांत अजून कुणाला ठाऊक नाही. आळीतल्या चार जणी जाणतात, त्यांचं मी बघून घेईन. तू ये. दिवाळीपर्यंत हातात दोन दोन बांगड्या ठेव, कपाळाला बारीकसं कुंकू ठेव. एवढी दिवाळी पार पडली की मग दोघी बसून काय ते ठरवू. तुझं माझ्याशिवाय आणि माझं तुझ्याशिवाय कोण आहे?

गवळ्याबरोबर गौरीसाठी चोळखण धाडते आहे. पाठीशी गणपती आहे, काळजी करू नकोस.

तुझी आत्या
सगुणा


आश्विन शुद्ध तृतीया

चिमणे,

चोळखण परत आला. दादानं दोनच ओळी लिहिल्या आहेत. "चिमणा म्हणते, आत्याला सांगा, मी गिऱ्हाईक नाही." खाली त्यानं स्वतःचं नावसुद्धा घातलं नाही.

मग मी माझं मागचं पत्र आठवून पाहिलं. वहिनीचं पिठलं, दादाची धूळपाटी, तुझे हात. एखाद्या नव्या वाड्याची पायरी चढताना मी जे करते तेच केलं होतं. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाची विचारपूस, मग मालकिणीचं कौतुक, मग टोपली उघडायची. आणि शेवटी तुला सांगितलं काय, तर मेलेल्या नवऱ्याच्या नावानं दिवाळीपर्यंत बांगड्या घालून हिंड. लाज वाटते म्हणू, तर लाज वाटायला पत्र परत यावं लागलं.

मी खोटं लिहिलं. मला श्रावणात नाही कळलं. चैत्रात कळलं.

चैत्र वद्य चतुर्थी. दुपारची वेळ होती, तू कुसुम सोनारणीकडे तिच्या नव्या सुनेला बांगड्या भरायला गेली होतीस. दारात एक माणूस उभा राहिला. मी भिकारी समजून पीठ आणायला वळले. "काकी, मी गेनबा," तो म्हणाला. सिदूचा माल ज्याच्या बैलावर लादून लष्कराच्या बाजारात गेला, तो आपला गेनबा. नुसती हाडं उरली होती. मी आत घेतलं, पाणी दिलं. तो पाणी प्यायला नाही. म्हणाला, "सिदूदादा न्हाई राहिला, काकी. पौषातच गेला. म्या सोताच्या हातानं ठेवला त्याला." आणखी काही म्हणाला नाही.

मला रडू आलं नाही. मी उठले आणि दाराबाहेर डोकावून पाहिलं, तू येतेस का. पोटचा मुलगा गेला हे ऐकल्यावर मी पहिली गोष्ट केली ती ही.

मग त्याला भाकरी वाढली. म्हणाले, "बाबा, तू फार दमलास. जुन्नरला माझी नणंद आहे, तिच्याकडे जा. खाऊनपिऊन बरा हो. इथे चिमणा तुला बघून वेडी होईल. तिला माझं मी सांगते." त्याला वाटलं, स्वतःवर डोंगर कोसळला तरी ही बाई माझी काळजी करते. तो माझ्या पाया पडला आणि तू यायच्या आत आळीबाहेर गेला.

तू आलीस. माझ्याकडे पाहून म्हणालीस, "आत्याबाई, तोंड का असं?" मी म्हणाले, "ग्वाल्हेराकडचा माणूस येऊन गेला. सिदू तिकडे आहे. पाय दुखावलाय, पावसाळा सरला की निघेल." शब्द कसे तयारच होते. तू विचारलंस, "माझ्यासाठी काही निरोप?" तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण मी म्हणाले, "चिमणाला सांगा, लाल काचेचा चुडा आणतोय." तू पदरात तोंड लपवून हसलीस.

त्यानंतर चार महिने मी निरोप करत गेले. पाय बरा होतोय. कुणा सरदाराच्या वाड्यात बांगड्यांचं काम मिळालंय. मुगाची खिचडी खाऊन कंटाळलाय. ते खिचडीचं मला फार छान साधलं असं तेव्हा वाटलं होतं, कारण त्यावर तू खरंच हसलीस. मुलगा मेला होता आणि मी त्याच्या तोंडी खिचडीची तक्रार घालत होते.

का केलं, ते तुला कळलंच असेल. तरी मी माझ्या हातानं लिहिते.

सिदूचा बाप गेला तेव्हा मी बावीस वर्षांची. दिरानं दुकान घेतलं. मी दुसऱ्या कासारणीची टोपली डोक्यावर घेऊन मागून चालायची. तिच्या हातात कसब होतं, पण ती बोलायला तुसडी. मी पायरीशी बसून बघत असे. कुठल्या वाड्यात कोणत्या दोन जावांना शेजारी बसवायचं नाही. कुणाचं मूल गेलं आहे, तिथे मुलांचा विषय काढायचा नाही. घरात एखादी सोवळी म्हातारी असेल, ती काही घेणार नसते, तिच्याकडे कुणी बघतही नाही, तिला आधी नमस्कार करायचा. घासाघीस करताना शेवटचं बोलणं गिऱ्हाइकाचं राहू द्यायचं. आणि एका वाड्यातली गोष्ट दुसऱ्या वाड्यात कधी, कधीही न्यायची नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. हळूहळू मला दारं उघडायला लागली, पण भरायला हात नव्हते. मग बारा वर्षांची तू घरात आलीस. पहिल्याच नागपंचमीला तेलाशिवाय, ओरखड्याशिवाय एका जाड्या सरदारणीच्या हातात इवल्याशा बांगड्या चढवल्यास. तू बोलत नव्हतीस. फक्त मधूनच विचारायचीस, "दुखतंय?" आणि बाया डोळे पुसायच्या. मला वाटायचं, माझ्या बोलण्यानं त्यांचं मन भरून येतं.

पंधरा वाड्यांची पायरी आपण दोघींनी मिळवली, चिमणे. कुणा पुरुषाच्या नावावर नाही. तुझ्या हातातल्या बांगड्या उतरल्या की ते सगळं एका दिवसात जाणार होतं. सवाष्णीला विधवेनं बांगडी भरायची नाही. एका घरात दोन विधवा, एक बोलणारी आणि एक गप्प. मी त्याला भ्याले. म्हणून तुझ्या दुःखाचे दिवस मी दाबून ठेवले आणि तुझे हात वापरत राहिले.

नागपंचमीला सकाळी तू हौदावर गेलीस आणि गेनबा जुन्नरहून परत आला होता. त्याला वाटलं होतं, तुला केव्हाच सगळं ठाऊक आहे. तो तुला म्हणाला, "वैनी, अजून भरल्या हातानं हिंडताय व्हय?"

तू घरी आलीस, घागर खाली ठेवलीस, आणि शांतपणे विचारलंस, "आत्याबाई, चैत्रात गेनबा आला होता?"

मी म्हणाले, "कोण गेनबा?"

हे मला रोज ऐकू येतं. कोण गेनबा. ज्याच्याबरोबर सिदू लहानाचा मोठा झाला, तो कोण, म्हणे. जीभ इतकी सरावली होती की विचार करायच्या आत खोटं बोलून मोकळी झाली.

तू भांडली नाहीस. खाली बसलीस, स्वतःचाच हात दाबून एक एक बांगडी काढलीस. फोडायच्या असतात, तू अखंड काढल्यास आणि विकायच्या टोपलीत ठेवल्यास. "विका," म्हणालीस. दुसऱ्या दिवशी उजाडता खडकवासल्याची वाट धरलीस.

यापुढे 'ये' म्हणणार नाही.

सगुणा


कार्तिक शुद्ध नवमी

चिमणे,

मागच्या पत्राला उत्तर आलं नाही. यावं असा माझा हक्कही नाही. पण ग्वाल्हेरचे शब्द माझ्या तोंडी तयार कसे होते, ते मी तुला सांगितलं नाही. त्याचं काय झालं तेही तुला कळलं पाहिजे, कारण ते शब्द मी पहिल्यांदा बोलले त्या वेळी तू शेजारी बसली होतीस.

फाल्गुनात आप्पासाहेबांच्या वाड्यावर मोठं बोलावणं आलं होतं, आठवतंय? वैशाखात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. बाईसाहेबांनी मला एकटीला आतल्या खोलीत नेलं. म्हणाल्या, "सगुणे, आमचा मुलगा पानिपतात पडला. यांना पक्की खबर आली आहे. पण सुतक धरलं तर मुलीचं लग्न वर्षभर पुढे जातं, आणि हे स्थळ थांबणार नाही. सूनबाईला संशय आलाय. घरातलं कुणी सांगेल तर तिला खरं वाटणार नाही. तू बाहेरची, चार ठिकाणी फिरणारी. तुझ्या तोंडचं खरं वाटेल."

सूनबाई म्हणजे शकू. सोळा वर्षांची. दिवसेंदिवस जेवत नव्हती.

मी विचारायला हवं होतं की लग्न झाल्यावर तरी सांगणार ना. विचारलं नाही. लग्नाचा सगळा चुडा आपल्याकडे येणार होता, आणि त्यांच्या सोयऱ्यांचे दोन वाडेही. माजघरात येऊन बसले. तू शकूचा हात हातात घेतला होतास. मी टोपलीतून हिरव्या काढता काढता, सहज बोलावं तसं म्हणाले, "कालच बाजारात ऐकलं, आपली बरीच माणसं ग्वाल्हेरास सुखरूप आहेत. तुमच्या वाड्याचंही नाव निघालं होतं." शकूनं एकदम माझ्याकडे पाहिलं. मग तिनं तुझाच हात घट्ट धरला आणि हसायला लागली. त्या दिवशी ती जेवली. बाईसाहेबांनी जाताना मला पाठीवर हात ठेवून निरोप दिला. मला भूषण वाटलं. खरंच वाटलं, चिमणे, ते लपवत नाही.

परतताना वाटेत तू म्हणालीस, "आत्याबाई, ग्वाल्हेरास आपलीही माणसं असतील?" तिथेच तुला सांगायचं होतं की ते खोटं आहे. मी म्हणाले, "का नसतील?"

असं ते शकूसाठी शिवलेलं तुझ्या अंगावर आलं.

लग्न झालं. त्यांनी शकूला सांगितलं नाही. आज सांगू, सणानंतर सांगू, असं करत दसरा आला. दसऱ्यानंतर बाईसाहेबांनी मला पुन्हा बोलावलं. "शकू परत जेवेनाशी झाली आहे. काहीतरी नवी खबर घेऊन ये." मी गेले. वाटेत खबर तयारही केली होती. इथे मी चांगली बाई झाले असं लिहीन तर ते आणखी एक खोटं होईल.

शकू माजघरात एकटी होती. मला बघून म्हणाली, "सगुणाबाई, तुमची ती न बोलणारी सून कुठे आहे? तिलाच आणा ना. ती नुसती हात धरून बसली तरी बरं वाटतं."

मी म्हणणार होते, माहेरी आहे, ताप आलाय. तोंड उघडलं आणि निघालं ते असं, "ती आता यायची नाही. तिचा नवरा गेला. माझा सिदू."

सहा महिन्यांत हे मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. मी भिंतीला धरून बसले.

शकू जवळ आली, तिनं मला पाणी दिलं. "कधी हो?"

"पौषात."

"पण तो तर ग्वाल्हेरास होता ना? आमच्या माणसांबरोबर? तुमची सून मला सांगत होती, लाल चुडा आणणार म्हणून."

वाटेत तयार केलेली खबर मी सांगितली नाही. शकूनं माझ्याकडे बघितलं. मग आपल्या हातांकडे बघितलं. हळूच म्हणाली, "तुम्हीच भरायला लावल्यात ह्या."

मी मान हलवली. एवढंच केलं.

तिसऱ्या दिवशी वाड्यावर न्हावी गेला. आता ती आलवण नेसून मागल्या पडवीत असते, असं कळलं. खरं सांगून मी तिचं भलं केलं, असं म्हणवत नाही. सात महिने ती खोट्यावर हसली आणि आता खऱ्यावर तिचे केस गेले. कुठल्या दिवसासाठी तिनं मला जास्त शाप द्यावेत, ते मला कळत नाही.

बाईसाहेब म्हणाल्या, "तुझी जीभ आम्ही पोसली, सगुणे. आता ह्या दारात दिसू नकोस." आठ दिवसांत बाकीच्या वाड्यांनीही पायरी बंद केली. खोटं बोलले म्हणून नव्हे. सांगितलं म्हणून.

आपल्याला माल देणाऱ्या मणियारांच्या नसीमबानूकडे मी माल परत करायला गेले. तिनं टोपली आत ठेवली आणि म्हणाली, "रोज येऊन फुटक्या निवडत जा. बोलायचं काम नाही, तुला जमेल का बघ." तिचा भाऊ त्याच लढाईत गेला, हे मला तेव्हा कळलं. मी विचारलं, भावजयीला कधी सांगितलंस? ती म्हणाली, "ज्या दिवशी कळलं त्या दिवशी. दुसरं काय करणार होते?" भावजयीनं तिचे दिवस पाळले, आता तीही तिथेच माझ्यासमोर बसून बांगड्या निवडते. आम्ही दोघी दिवसभर फारसं बोलत नाही.

आणखी एक. परवा कुसुम सोनारीण माझ्या दारी आली. "चिमणा कुठे?" म्हणाली. मी सांगितलं, सगळं. ती म्हणाली, "वाईट झालं. पण संक्रांतीला माझ्या सुनेला तिनंच भरायच्या. दुसरीनं दसऱ्याला रक्त काढलं." मी म्हणाले, "अगं, ती विधवा आहे." कुसुम म्हणाली, "मला कळतंय ते. माझ्या घरात कोण हात धरणार ते मी ठरवीन."

म्हणजे एक तरी दार उघडं राहिलं असतं. कदाचित चार राहिली असती. वीस वर्षं मी ह्या बायांची मनं राखली आणि एकदाही त्यांच्यावर भरवसा ठेवून बघितलं नाही. त्यांना न विचारताच ठरवलं की त्या आपल्याला टाकतील. कुसुमचा निरोप तुला कळवते. तो खरा आहे. हवं तर गवळ्याला तिच्याकडे पाठवून विचार.

सगुणा


मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

दादाचं पत्र मिळालं.

"चिमणा विचारते, गेनबा चैत्रात काय काय म्हणाला? त्याला इथे बोलावून विचारलं, तर तो रडतो आणि काकीला विचारा म्हणतो. आत्यानं जसंच्या तसं लिहावं. साखर घालू नये."

मी दुसऱ्या पत्रात लिहिलं होतं की गेनबा आणखी काही म्हणाला नाही. तेही खरं नव्हतं. जसं त्यानं सांगितलं तसं लिहिते.

मार्गशीर्षापासून लष्कराला रसद मिळेनाशी झाली. बाजारातल्या लोकांना सगळ्यांत शेवटी. बांगड्या कोण घेणार? सिदूनं चुड्याची अख्खी पेटी दोन मुठी चण्यांना दिली. मग दुसरी. बैल उपासानं मेला. थंडी फार होती, त्याच्याकडे एकच घोंगडी होती. पौष लागला आणि त्याला हगवण लागली. लढाईच्या तीन दिवस आधी तो गेला. तलवार नाही, भाला नाही. गेनबानं त्याला खड्ड्यात ठेवला. जाळायला लाकूड नव्हतं. तोंडात घालायला पाणी होतं ते गढूळ होतं.

शेवटचे दोन दिवस तो शुद्धीत नव्हता. भाकरी मागायचा. तुझं नाव घेतलं नाही. निरोप काही नव्हता, चिमणे. लाल चुडा, खिचडी, पाय, सगळं माझं. त्याच्या तोंडचं त्यात एक अक्षर नाही.

शुद्ध होती तेव्हा एकदा गेनबानं त्याला विचारलं, "दादा, आईला काय सांगू?" सिदू म्हणाला, "तिला काय सांगायचं. मला यायचं नव्हतं. तिनं बोलून बोलून पाठवलं."

हे मी लपवलं होतं. धंद्यासाठी लपवलं, असं मी मागे लिहिलं, तेही खरंच आहे. पण गेनबाला जुन्नरला धाडलं ते आधी ह्या वाक्यासाठी. तो तुला भेटला असता तर हे तुझ्या कानावर गेलं असतं.

त्याला जायचं नव्हतं. चार दिवस मी त्याच्या मागे लागले होते. लष्कराबरोबर सरदारांच्या बायका आहेत, यात्रेकरू बायका आहेत, काशी-प्रयागापर्यंत आपलं नाव होईल. तो म्हणत होता, "आई, मला नको गं. मी इथेच बरा आहे." मी रागावले नाही, ओरडले नाही. नुसती बोलत राहिले, गोड, दमानं, जसं घासाघिशीत बोलते. त्याच्या बापाची आठवण काढली. तरी तो ऐकेना, तेव्हा तुला पुढे केलं. म्हणाले, "चिमणे, तू जा म्हण, तुझं ऐकेल." तुला धंद्यातलं काय कळणार होतं, आत्या सांगते म्हणून तू म्हणालीस. तो गेला.

तुझ्या हातातल्या बांगड्या उतरल्या त्या रात्री तू उशीत तोंड घालून एकच म्हणत होतीस, मीच जा म्हटलं, मीच जा म्हटलं. मी शेजारच्या घोंगडीवर जागी होते. मी ऐकलं आणि एक शब्द बोलले नाही. तुला वाटू दिलं.

तू नव्हतीस. तुझ्या तोंडून मी बोलले होते. जसं नंतर त्याच्या तोंडून बोलले. हे तू दादाच्या तोंडून पुन्हा पुन्हा वाचून घे, एकदा ऐकून तुला पटणार नाही. सिदूला पाठवलं मी. तुझ्यावर त्याचा राग नव्हता, असं मी लिहीत नाही, कारण गेनबा तसं काही म्हणाला नाही आणि मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ते एवढंच की त्यानं माझं नाव घेतलं आणि ते बरोबर होतं.

त्याचे दिवस अजून कुणी केले नाहीत. मी केले असते तर तुला कळलं असतं. आता ते तू आणि दादा ठरवा. मी तिथे असावं की नसावं, तेही.

हे पत्र गवळ्याकडे देत नाही. उद्या सकाळी निघून मी ते स्वतःच घेऊन येते. दादाच्या हातात देईन आणि अंगणात बसेन, तो मोठ्यानं वाचील तेव्हा मला ऐकू येईल इतकी जवळ. मधे काही बोलणार नाही, समजावणार नाही. वाचून झाल्यावर 'जा' म्हणालीस, तर दिवस मावळायच्या आत धायरीपर्यंत पोचेन. काहीच म्हणाली नाहीस, तर बसून राहीन.